पैरा कुठल्या रकान्यात?

आत्याबाई, तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडायला बसायचं म्हणजे जरा वेडेपणाच, पण दुसरं सांगू कुणाला? तुमच्या लेकाला सांगायला जावं, तर पलटणीतून शिकून आलेलं एकच वाक्य तो ऐकवतो, "ऑर्डर म्हंजे ऑर्डर," आणि टेम्पो पुसायला निघून जातो. म्हणून तुम्हाला लिहिते. मी कुरडयांचा धंदा काढलाय. हसू नका. जिच्या चिकात गुठळ्या झाल्या म्हणून तुम्ही सगळ्या बायांदेखत माझं माहेर काढून म्हणाला होतात, "फलटणवाल्यांनी लेकीला नुस्तं बोलाय शिकिवलंय," तीच मी. आता माझ्या कुरडया पुण्याच्या दुकानांत जातात, आणि पिशवीवर आपल्या गावाचं नाव असतं.

सुरुवात झाली ती तुमच्याच पद्धतीनं. उन्हं तापायला लागली की आज एकीच्या गच्चीवर कुरडया, उद्या दुसरीच्या. आज तू माझ्याकडं राब, उद्या मी तुझ्याकडं राबते, हा आपला पैरा. त्यात पैशाचा विषय नाही, मध्ये चहा आणि शेवटी वाटीभर गरम चीक. मला तुम्ही अजून दिसता. तापानं फणफणलाय, पदर कानावरून घट्ट बांधलाय आणि निघालाय शेजारच्या आक्कांच्या गच्चीवर. मी दारात आडवी येते. तुम्ही म्हणता, "तिनं दोन दिस दिल्यात आपल्याला. मी हितं निजू व्हय? सरक." मी सरकते. तुमच्या पाठीमागं मनातल्या मनात चार शब्द बोलते, ते आज सांगत नाही.

तर पहिल्या वर्षी माझी ऑर्डर लहान होती. आक्का आणि आळीतल्या चारपाच जणी नेहमीसारख्या आल्या, आणि मीही त्यांच्याकडं गेले. दुसऱ्या वर्षी ऑर्डर वाढली आणि माझ्या गच्चीवरचं काम संपेनाच. त्या येत राहिल्या, माझं जाणं मात्र राहून गेलं. आज जाते, उद्या जाते करता करता उन्हाळा सरला. कुणी काही बोललं नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते, दुसरं काय.

यंदा वाळवायचं यंत्र घ्यायचं मनात आलं. आभाळ भरून आलं की माल काळा पडतो आणि सगळी मेहनत मातीत जाते. यंत्राला कर्ज हवं, आणि कर्जाला बँकेला हवा खर्चाचा तक्ता. मलकापुरात एक सीए आहेत, त्यांच्यासमोर जाऊन बसले. ते म्हणाले, माल बनवायचा खर्च तीन ठिकाणी लिहायचा: कच्चा माल, त्यावर राबणाऱ्या हातांची मजुरी, आणि कारखान्याचा बाकीचा खर्च. टेम्पोचं डिझेल आणि दुकानदाराचं कमिशन ह्यात नाही, तो विक्रीचा खर्च, वेगळा. मला गंमतच वाटायला लागली. गहू आणि मीठ कच्च्या मालात. लाकूडफाटा, प्लॅस्टिकचा कागद, सोऱ्याची डागडुजी बाकीच्यात. घरचा गहू मी लिहिलाच नव्हता, ते म्हणाले, "मॅडम, घरचा असला तरी फुकटचा नाही. बाजारात विकला असता तर पैसे आलेच असते." बायांच्या चहालासुद्धा त्यांनी जागा काढली. मग म्हणाले, "मजुरी?" मी म्हटलं, "मजुरी नाही." त्यांनी चष्मा काढला. "मग गव्हाची कुरडई आपोआप होते का?"

मी पैरा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "पगार दिलाच नसेल तर शून्य लिहू. नफा झकास दिसेल, कर्जही लवकर होईल. पण त्या बायका उद्या आल्या नाहीत, तर ह्या भावात माल देणं परवडेल का, ते तुमचं तुम्ही बघा." एसटीत बसले, पण जिवाला चैन नाही. कधी वाटे, तुमच्या रीतीत ह्या माणसानं नाक खुपसायचं कारण काय? कधी वाटे, मी पुण्याच्या दुकानदाराला कुरडया विकत नव्हतेच, आक्कांचे दिवस विकत होते.

दुसऱ्या दिवशी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं केलं. चीक ढवळताना सगळ्यांना सांगितलं, "आजपासून मी दिवसाचा रोज देणार. जसा गावात बायांचा रोज चाललाय, तसा." दोघीतिघींचे चेहरे उजळले, त्यांना पैसे हवेच होते, मागायला तोंड नव्हतं. आक्कांनी मात्र सोऱ्या खाली ठेवला.

"मी काय तुझ्या दारात रोजानं आलीया व्हय गं?"

"आक्का, तसं न्हवं. बँकेच्या कागदावर दाखवावं लागतं."

"म्हंजी कागदावर मी तुझी मजूर. माझ्या लेकीचं बाळतपण तुझ्या सासूनं काढलं, तिनं कवा रोज लावला?"

तुम्ही असतात तर दोघींनी मिळून मला सोलून काढलं असतं. तरी मी तक्त्यात मजुरी लिहिली. नफा चिकावरच्या पाण्यासारखा पातळ झाला. सीए म्हणाले, आता बँक कदाचित अर्धंच कर्ज देईल. पुण्याला फोन करून भाव वाढवून मागितला, तर ते म्हणाले "कळवतो", आणि अजून काही कळवलेलं नाही.

पण त्याचं एवढं नाही. आक्का येतात, तेच सोसवत नाही. पूर्वी यायच्या त्या थेट स्वयंपाकघरात. झाकणं उचलून बघायच्या, माझ्या आमटीला नावं ठेवायच्या, मग कामाला लागायच्या. आता दारात उभ्या राहतात आणि विचारतात, "काय करू?" पाणी मागून घेतात. वेळ झाली की कढईत चीक वाफाळत असला तरी हात धुऊन निघतात. परवा उरलेला चीक मी एकटीनं सोऱ्यातून दाबत बसले. गार झालेला चीक काही केल्या उतरत नव्हता. हात भरून आले आणि तुमचा भयंकर राग आला. तुम्ही उभ्या जन्मात कुणाला रोज दिला नाहीत, आणि तुमच्या गच्चीवरून कुणी असं अर्ध्यातून गेलं नाही. मी रोज देते, तर माझंच माणूस तुटतं. पण मला एक सांगा. गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बायकांना ना शेत होतं, ना गच्ची. त्या यायच्या तुमच्याकडं राबायला, मग तुम्ही त्यांच्याकडं काय करायला जायचात? तो कसला पैरा? हे तुम्हाला तोंडावर विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. आजही नाही, कागद आहे म्हणून चाललंय.

काल आक्कांचा हरभरा काढायचा होता. बोलावणं नव्हतं. मी सकाळीच ऑर्डरचं काम दुसऱ्या बायांवर सोपवलं आणि त्यांच्या शेतात जाऊन ओळीला लागले. त्यांनी बघितलं आणि शेजारची ओळ धरली. दिवसभर दोघी शेजारी-शेजारी हरभरा उपटतोय, हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबीनं बोटं चुरचुरतायत. वाटलं, राहिलेलं फिटतंय. उद्या येतील त्या झाकणं उचलायला.

दिवस कलल्यावर आक्का बांधावर आल्या, कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या हातावर नोटा ठेवल्या. "घे. तुझा रोज."

मी म्हटलं, "आक्का, मी पैरा फेडायला आले होते."

"पैरा तू मोडलास, पोरी. आता रोजच." त्या रागात नव्हत्या, एवढंच मला कळलं. पेंढी डोक्यावर घेऊन त्या पुढं निघून गेल्या.

घरी येईपर्यंत मी रडले. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून उरलेलं तेवढं लिहिते. लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून तुमच्या घरात, तुमच्या शेतात, आता माझ्याच धंद्यात मी राबले; तक्त्यात सगळ्यांची मजुरी लिहिली, माझी लिहायचं मलाही सुचलं नाही, त्या सीएंनाही नाही. माझ्या दिवसाचे पैसे माझ्या हातावर कुणी ठेवायची ही पहिलीच वेळ. मी ते परत केले नाहीत, आत्याबाई. मला ते आवडले.