हा बदल तुम्ही केला आहे

३ जून

गेल्या! मोठ्या जाऊबाई आज खरंच पिशवी उचलून गेल्या. का, तर येत्या तिमाहीपासून सगळी करविवरणं ऑनलाइनच भरायची म्हणून मी ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आणलं. सासऱ्यांनी सुरू केलेलं ऑफिस, त्यात हे खूळ! परवा सॉफ्टवेअरवाली बाई सगळं लावून द्यायला आली तेव्हापासूनच ताईंचं बिनसलं होतं. ती म्हणाली, लॉगिनला दोघींची वेगवेगळी नावं टाका. ताई फटकन म्हणाल्या, "कशाला? एका ऑफिसला एक किल्ली पुरते." मीही मान डोलावली. म्हटलं, वाद नको. नाव माझं टाकलं, पासवर्ड मात्र दोघींनी मिळून ठरवला.

आणि आज — "मेले तरी त्या डबड्याला हात लावणार नाही. बैस तू एकटी!"

इतकी वर्षं समोरासमोर बसून हिशेब लिहिले आम्ही दोघी जावांनी. आता समोर खुर्ची आणि खुर्चीवर त्यांची चपटी झालेली उशी. उशी तशीच राहू दिली आहे. निदान तिच्यासाठी तरी येतील.

९ जून

शिकते आहे. बँकेचे व्यवहार आपोआप येऊन पडतात — मजाच आहे! फक्त कुठला खर्च कुठल्या खात्यात घालायचा, ते आपण सांगायचं. ज्याचा थांगपत्ता लागत नाही ते मी सस्पेन्स खात्यात टाकते. तात्पुरतं, मागाहून बघू म्हणून. सध्या त्या खात्याचा पार माळा झालाय.

१२ जून

आज पासवर्ड एकदाही चुकला नाही. मिरवावं तर कोणापुढे!

१६ जून

गंमत झाली. बेकरीवाल्याच्या भट्टीची दुरुस्ती काल मी सस्पेन्समध्ये टाकली होती. आज बघते तर बरोबर दुरुस्तीच्या खात्यात. शेजारी बारीक अक्षरांत — "हा बदल तुम्ही केला आहे."

मी? कधी? केला असेल बाई.

१९ जून

पुन्हा तेच. या वेळी छापखानेवाल्याची शाई, कागद, यंत्राचा सुटा भाग — सगळं ज्याच्या त्याच्या जागी. इतकं चोख की मला सुचलंच नसतं. आणि प्रत्येक ठिकाणी माझंच नाव.

ह्यांना सांगितलं. "कामाच्या नादात केलं असशील," म्हणाले आणि हसले. मला नाही हसू आलं. आईचं असंच सुरू झालं होतं. चष्मा स्वतःच फ्रीजमध्ये ठेवायची आणि कोणी ठेवला म्हणून आमच्यावर ओरडायची. शेवटी शेवटी मलाच विचारायची, तुम्ही कोणाकडे आलात?

घाबरले आहे मी. इथे तरी कबूल करते.

२३ जून

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं विवरण आज मी एकटीने ऑनलाइन भरलं. स्क्रीनवर हिरवं "स्वीकारले" आलं आणि रिकाम्या ऑफिसात मी टाळ्या पिटल्या! या वयात जमतंय मला. आवडायला लागलंय.

म्हणूनच जास्त लागतं. ज्या बाईला स्वतःच्या हातचं आठवत नाही, तिने लोकांच्या हिशेबावर सही करायची? नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते जर म्हणाले की आईचंच आहे, तर सगळ्या अशिलांना सांगून ऑफिस बंद. त्यात मागेपुढे बघायचं नाही.

२६ जून

डॉक्टरांनी शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. हिशेबनिसाला! मी घडाघडा म्हटले. घड्याळ काढायला लावलं, शब्द सांगून मध्येच गप्पा मारल्या आणि पुन्हा विचारले. एक शब्द सुटला नाही. "तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," म्हणाले. मग ते बदल? म्हणाले, तेही बघू. पुढच्या आठवड्यात डोक्याचा स्कॅन.

तरी परत येताना पाय हलके वाटत होते. ताईंना फोन करून सांगावंसं वाटलं. हातात घेऊन परत खाली ठेवला. आधी मीच का करायचा?

२७ जून

दुपारी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. कीबोर्ड टेबलाच्या त्या टोकाला. आणि माझ्या डोळ्यांदेखत सस्पेन्समधून गॅरेजवाल्याचे टायर उठले आणि थेट खरेदीत जाऊन बसले! शेजारी — "हा बदल तुम्ही केला आहे."

फोन लावला. "ताई, तुम्ही?"

"मग काय भूत? सुनेकडून शिकले. घरूनही उघडतं ते, आपल्याच पासवर्डने. दिसेल ते सस्पेन्समध्ये कोंबतेस, बघवेना मला."

मला रडूच फुटलं. मी विसरले नव्हते! मी काहीच विसरले नव्हते!

"अगं, रडतेस काय? माझं चुकलं का कुठे?"

"नाही हो. सगळं बरोबर आहे."

उद्या येतायत. आता तुमचं वेगळं नाव टाकू या का, विचारलं. म्हणाल्या, "ते बघू. आधी माझी उशी झटक."