भूमितीच्या पेपराला पाहुणे

भटवाडी, घाटकोपर (पश्चिम)
मार्च १९८४

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे शेवंतीचा, वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली, पण नमस्कार पुरा केलाय.) इकडे सगळे खुशाल. नलिनीवहिनीचा गुडघा कसा आहे? बोरिवलीच्या नव्या ब्लॉकमध्ये पाणी वर चढतं, की वहिनी अजून त्या गुडघ्याने कळशी घेऊन जिने चढते? तुझी पिठाची चक्की जोरात चालली असेल. बीपीची गोळी वेळच्या वेळी घेतोस ना? आजची राहिली असेल तर आधी ती घे आणि मग पुढचं वाच.

तू म्हणशील, घाटकोपरहून बोरिवली काय विलायतेला आहे, येऊन बोलायचं होतंस. आले असते रे. पण समोर बसून तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी "दादा" म्हणेपर्यंत तू "शेवंते, चहा टाक" म्हणून मोकळा होतोस. (तुझ्या घरी आले तरी चहा मीच टाकते, आणि तू माझ्या घरी आलास तरी मीच.) चहा होईपर्यंत तू उठतोस, चपला घालतोस आणि "मग ठरलं तर" म्हणतोस. काय ठरलं ते मला तुझ्या पाठीमागे ह्यांच्याकडून कळतं. पत्राला चहा सांगता येत नाही, म्हणून पत्र.

मी यंदा एसएससीला बाहेरून बसतेय हे तुला कळलंच आहे. ऐकून तू चक्कीवर गिऱ्हाइकांसमोर पोट धरून हसलास असं ह्यांनी सांगितलं. हस बाबा. संप सुरू झाल्यापासून ह्यांच्या गिरणीचं दार बंद झालं ते आजतागायत बंदच आहे. खात्यात ज्यांच्या हाताखाली चार माणसं होती, ते तुझे मेव्हणे आता साकीनाक्याला प्लॅस्टिकच्या बादल्यांना कड्या बसवतात आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जेवतात. मी गल्लीच्या टोकाच्या शाळेत शिशुवर्गाला असते. मोठ्या बाई म्हणाल्या, "शेवंतीबाई, मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणा, मी तुम्हाला कायम करते." म्हणून यंदा आमच्या घरातून दोघी बसतोय. क्षमा शाळेतून आणि तिची आई बाहेरून.

मराठी, इतिहास, हिंदी ह्यांचं काही नाही, पाठ केलं की येतं. भूमिती पाठ होत नाही. शिवाय आपल्या वेळची भूमिती राहिलेली नाही, आता नवं गणित आलंय. कोन होते तसेच आहेत, लघुकोन, काटकोन, विशालकोन. पण त्याच्या मागोमाग 'जर-तर'ची विधानं आलीत, आणि आकृती इकडून तिकडे सरकवायची, आरशात बघितल्यासारखी उलटी करायची, एका बिंदूभोवती फिरवायची, असली थेरं आलीत. क्षमा मला शिकवते. पोरगी हुशार आहे रे दादा. शाळेतल्या सरांनी मला बोलावून सांगितलं, हिला सायन्सला घाला, हिचा हात भूमितीत बसलाय. माझ्या आयुष्यात मला बोलावून कोणी चांगलं सांगितलं ते तेवढंच. घरी येईपर्यंत रस्त्यात मी रडत होते, आणि रॉकेलच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, घरात कोणी गेलं.

आता भूमितीच्या उजळणीचा तमाशा ऐक. खोलीत पाय पसरायला जागा नाही, कागद महाग, म्हणून क्षमा चाळीच्या गॅलरीत फरशीवर खडूने आकृत्या काढते. मागच्या आठवड्यात तिने भलंमोठं वर्तुळ काढलं, आत चौकोन, चौकोनाच्या चार टोकांना अक्षरं, मधोमध टिंब. (चक्रीय चौकोन म्हणतात त्याला. समोरासमोरच्या कोनांची बेरीज दोन काटकोन. हे मी आता झोपेतसुद्धा सांगते.) नेमकी ती अमावास्या होती, आणि ती आकृती नेमकी शेजारच्या रुक्मिणीबाईंच्या उंबऱ्याला लागून आली. बाई पाण्याची बादली घेऊन दार उघडतात तो काय, पायाशी वर्तुळ! बादली टाकून बाईंनी जी बोंब ठोकली, ती खालच्या मजल्यावर गेली. करणी केली, माझ्या दारात कोणीतरी उतारा टाकला! कोणी लिंबू आणलं, कोणी मीठ-मिरच्या. मी ओरडून सांगतेय, अहो रुक्मिणीबाई, हे प्रमेय आहे. त्यांना वाटलं, मी त्या भुताचं नाव सांगतेय. त्या आणखी मागे सरल्या.

आणि आमच्या सासूबाई! त्यांनी सुनेची बाजू घ्यावी की नाही? त्यांनी डोक्यावर पदर घेतला, नारळ मागवला आणि थेट गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, माज्या सुनेच्या मानगुटीर ह्या जा काय भूमितीचा लचांड बसला हा, ता उतार रे म्हाराजा!" आणि सगळी गॅलरी, ज्यांच्या पोरांना मी शाळेत अ-आ-ई शिकवते ती गॅलरी, एका सुरात म्हणाली, "होऽऽय म्हाराजा!" हेसुद्धा म्हणाले. मी बघितलं त्यांना. नारळाचं खोबरं सगळ्यांनी खाल्लं, आकृती मी ओल्या फडक्याने पुसली, आणि तेव्हापासून क्षमा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आकृत्या काढते.

तिथेच परवा ती मला स्थानांतरण शिकवत होती. स्थानांतरण म्हणजे आकृती वळवायची नाही, उलटी करायची नाही, आहे तशी नुसती सरकवायची. प्रत्येक बिंदू सारख्याच अंतराने, सारख्याच दिशेने सरकतो. जागा बदलते, आकृती तीच. मला काही केल्या डोक्यात शिरेना. तेवढ्यात हे तुझं कार्ड घेऊन वर आले. तू लिहिलं होतंस, अंधेरीचं स्थळ आहे, मुलाचं नाव लवू, दुबईला एसी मेकॅनिक, रजा संपत आली, गुरुवारचं विमान. म्हणून बुधवारी सकाळी अकराला मंडळी क्षमाला बघायला येतील, मी शब्द दिला आहे, कांदेपोहे करून ठेवणे. बुधवारी सकाळी अकराला क्षमाचा भूमितीचा पेपर आहे. ह्यांनी भीत भीत खाली लिहिलेली ओळ वाचून दाखवली: "पेपरचे काय एवढे, ऑक्टोबरमध्ये पण असतो."

दादा, त्या क्षणी मला स्थानांतरण समजलं.

तुझ्या लक्षात नसेल, म्हणून लिहिते. सहासष्ट साली बाबा गेल्यावर घरात तुझाच शब्द होता. तू सातवीनंतर गिरणीत लागलास, आमच्यासाठी लागलास, ते मी कधी विसरले नाही. पण माझा बीजगणिताचा पेपर झाला त्या संध्याकाळी तू पेढे आणलेस आणि सांगितलंस, गणित सुटलं, उद्या पाहुणे येतायत. मी म्हटलं, दादा, उद्या भूमिती आहे. तू म्हणालास, "वेड पांघरू नकोस, एका गणिताला दोन दोन पेपर कसले?" मी वेळापत्रक दाखवलं. तू ते वाचलंस, उलटं करून मागची बाजूपण बघितलीस, आणि म्हणालास, "मग ऑक्टोबरमध्ये बस की." दुसऱ्या दिवशी वर्गात माझा बाक रिकामा होता आणि मी आपल्या खोलीत पाटावर मान खाली घालून सुईत दोरा ओवून दाखवत होते. त्यांनी विचारलं, मुलगी किती शिकलीय? तू छाती काढून म्हणालास, "मॅट्रिक!" ऑक्टोबर आला तेव्हा मी सासरी मोरीत बसून उलट्या काढत होते. त्या उलट्यांचं नाव क्षमा.

पुस्तकात लिहिलंय की 'जर-तर'चं विधान खरं असलं म्हणून त्याचा व्यत्यास खरा असतोच असं नाही. मुलगी नापास झाली तर तिचं लग्न लावून टाकतात, हे खरं. मुलीचं लग्न लावून टाकलं तर ती नापास होते, हा त्याचा व्यत्यास. आपल्या घरात तोही खरा निघाला. सरांना विचारायचं राहिलं, ह्याला काय म्हणतात.

पोरीला आत्ताशी सतरावं लागलंय. कायद्यात अठरा लिहिलंय म्हटलं तर हे म्हणतात, दादांनी नुसतं बघून ठेवू म्हटलंय, लग्न पुढच्या वर्षी. मलाही नुसतंच बघून ठेवणार होते. मी ह्यांच्याशी भांडले, सासूबाईंशी भांडले, जेवले नाही. (जेवले नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, ते वेगळं.) हे एवढंच म्हणाले की, संपात दादांनी आपल्याला पीठ पाठवलं, त्यांचा शब्द मोडायला माझी जीभ वळत नाही. त्यांचंही खरं. ते पीठ आम्ही खाल्लंय आणि तुझे उपकार मी नाकारत नाही. मला तुझा राग येतो दादा, आणि राग आला की त्या पिठाची आठवण येते. मग तो राग धड बाहेर पडत नाही, आतच सडतो.

तेव्हा तुझा शब्द मोडत नाही. पाहुण्यांना बुधवारी अकराला खुशाल येऊ दे. घर झाडून ठेवते, ठेवणीतल्या बशा काढते, दारात रांगोळीही घालते. (वर्तुळ काढणार नाही, रुक्मिणीबाई आहेत.) वहिनीला नमस्कार.

तुझी आज्ञाधारक बहीण,
शेवंती

ता. क. माझी शाळेतली पितळी कंपासपेटी तुझ्याकडे आहे. वहिनी त्यात सुपाऱ्या ठेवते. सुपाऱ्या काढून पेटी मंगळवारच्या आत पोचती कर. आमच्यात पेटी एकच आहे, आणि दोघींचा पेपर एकाच वेळी आहे.

ता. क. दोघींचा म्हटलं, ते नीट वाचलंस ना? क्षमाचा नंबर मुलुंडच्या शाळेत आलाय, माझा विक्रोळीच्या. ती सकाळी नऊला निघणार, मी तिच्या मागोमाग. हे बादल्यांवर जातील आणि सासूबाई आपल्या भावाकडे चेंबूरला. त्यामुळे बुधवारी घरी कोणी नाही. शब्द तू दिलास, तेव्हा दहाच्या आत ये. किल्ली रुक्मिणीबाईंकडे आहे. पोहे डब्यात, कांदा चिरून ताटाखाली, फोडणीचं सगळं स्टोव्हजवळ. पोहे आधी भिजवायचे, फार नाही, नाहीतर लगदा होतो. चहा तूच टाक.

ता. क. मुलगी कुठाय म्हणून पाहुण्यांनी विचारलं, तर त्यांना सांग, बघायचं काय एवढं, ऑक्टोबरमध्ये पण बघता येते.