यांगचेन गात होती अन् दिसली मी

पांढुर्णा, गुरुवार

लाडक्या लीलाबाईस देवकाचा जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहून राहिली.

माझ्या भाजीच्या दुकानाशेजारी दर हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी यांगचेन बसते. (भाव कमी करत नाही, पण चहा पाजते.) लहानपणी ती अन् तिची मोठी बहीण मामाचा हात धरून डोंगर ओलांडून इकडं आल्या. परत जाता येत नाही. बहीण पुढं परदेशात गेली. मागल्या साली तिकडं गावात आई वारली, दोघींपैकी कोणालाच जाता आलं नाही. तेव्हापासून बहीण हिच्याशी बोलेनाशी झाली. तिनं ऐकावं म्हणून यांगचेन दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर लाइव्ह येऊन आईची गाणी म्हणते. तिचे लोक कुठं कुठं पांगले आहेत, ते ऐकतात, लाल बदाम धाडतात. बहीण मात्र गप्प.

परवा मोबाईलचा स्टँड मोडला. "दीदी, जरा पकडो," म्हणाली. मी पकडला. कोणतं तरी बटण दाबल्या गेलं अन् गाणंभर जगाला दिसलं माझं नाक! (आवाजही जाते, हे मला काय माहीत?) मी आपली शेजारच्या पूनमला हिंदीतून सांगून राहिली, "गळा गोड आहे वं, पण पोरगी सकाळपासून जेवली नाही. वाळून काडी झाली. हिला सांगणारं कोणी आहे का नाही?"

गाणं संपलं. यांगचेननं मोबाईल पाहिला अन् रडायलाच लागली. मला वाटलं, फोडला मी! पण बहिणीनं लिहिलं होतं. गाण्याबद्दल एक शब्द नाही. नुसतं, "त्या मावशीला सांग, तुला जेवू घालायला."

मी तिथंच डबा उघडला. भाकर अन् वांग्याची भाजी. तेवढ्यात बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. दोघी नुसत्या एकमेकींना पाहत बसल्या. मग यांगचेनला तिखटाचा ठसका लागला अन् तिकडं ती हसली.

आता रोज बोलतात.

तुझी ताई,
देवका

ता. क. : जावईबापूंसाठी निळं स्वेटर बाजूला ठेवलं आहे.

आणखी एक : काल तिच्या बहिणीनं मला हिंदीतून विचारलं, तुम्हाला बहीण आहे का? म्हटलं, आहे, मोहगावला. किती दूर? म्हटलं, सकाळी बसमध्ये बसली तर जेवायला पोचते. मग ती म्हणाली, एकदा तुम्ही दोघी सोबत बसलेल्या दाखवा. मी हो म्हणून बसली. तर रविवारी ये, लीला.