काट्यावरच्या सात जणी

२ डिसेंबर
मंगला आज डॉक्टरांच्या काट्यावर डोळे मिटून उभी राहिली! वर त्यांनाच दम — "आकडा मोठ्यानं बोलू नका, बाहेर आमचे हे बसलेत." मी बाहेर बसून सगळं ऐकतोय.
डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना वजन पेलत नाही. रोज चाला, मांड्यांचा व्यायाम करा, वजन उतरवा — ऑपरेशन टळेल. नाहीतर अवघड आहे.
घर येईपर्यंत बाई गुडघेच चोळत होती. तिला ऑपरेशनची धास्ती. मलाही आहे, पण नवऱ्याला बोलून दाखवता येत नाही.

५ डिसेंबर
रूपाली — आमची सून, भाग्येशची बायको, काडीसारखी, अजून वर्ष झालं नाही घरात येऊन — तिने गल्लीतल्या बायका गोळा केल्या, स्वतःला धरून सात. पहाटे उसाच्या कडेकडेने चालायचं. तळण आठवड्यातून एकदा. आणि एक अट फार कडक: घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं, बायकांनीसुद्धा. ताटात उरलेलं बाईने पोटात ढकलायचं नाही.
शेजारची जसोदाबाई — "मंग उरेल ते काय करानं वं?"
"उरूच नही इतलंच रांधानं, काकू!"
पण वजन करायला एकही तयार नाही. आकडा बाहेर फुटेल ना! शेवटी मंगलानेच तोड काढली. "आम्हना घरना धर्मकाटा शे ना! साती जनी संगेच उभ्या ऱ्हाऊत. कोनं कितलं, ते देवलेबी कळाव नही."
माझा धर्मकाटा! हमाली करून उभा केलेला. पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला ऊस-केळीच्या गाड्या तोलतो. दहा किलोच्या खालचं त्याला काही दिसत नाही. बायकांना तर तेच हवं!

८ डिसेंबर
साती जणी काट्यावर. मागे ट्रॅक्टरवाले खोळंबलेले. मी आपला सवयीने भोंग्यावर पुकारलं — "पाचशे दहा! चला, पुढची गाडी!"
दोन दिवस चहा बंद.

१९ डिसेंबर
कळण्याची भाकरी, मेथी, मुगाची उसळ. मी थोडी उसळ टाकून उठायला लागलो, तर मंगला कडाडली — "खाई ल्या! तुम्हनं उरेल मन्हा गुडघावर बठस!"
हसलो. मग हसू आपोआप थांबलं. माझ्या ताटातलं जातं कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

८ जानेवारी
पाचशे!! भोंगा बंद ठेवला, खिडकीतून हळूच सांगितलं. बायका काट्यावरच नाचल्या, आकडा येडापिसा झाला.
आज मंगला कठडा न धरता ओटा चढली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

७ फेब्रुवारी
उद्या वजन. मंगला जवळ येऊन पुटपुटली — "नहीच उतरनं, तर दहा कमी सांगी द्या ना. बाया चालनं सोडी देतीन."
म्हणजे तीही सोडेल. एकटी ती चालायची नाही, मी ओळखतो.
ड्रायव्हरांनी पेढ्यापासून कोंबड्यापर्यंत सगळं आणून पाहिलं, माझा काटा कोणासाठी दहा किलोने हलला नाही. पण त्यांच्यापैकी कोणाच्या गुडघ्यांना मी तेल चोळत नाही!

८ फेब्रुवारी
पाचशेच. जागचा हलला नाही. "चारशे नव्वद" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं — "पाचशे." मेली सवय!
मग काट्यावरच जुंपली.
"जसोदा, तू भाचाना लगनम्हा बट्टी खादी!"
"एकच खादी!"
"अन् तूप?"
"तूप काय कोनी मोजीसन खास का?"
मंगला भांडणात पडली नाही. घरी आल्यावर फक्त — "मन्हंच वाढनं व्हई."
खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का? काय सांगावं.

९ फेब्रुवारी
कोणीच चालायला गेलं नाही. मंगला खाटेवर, गुडघ्याला पट्टा बांधून. भाग्येशला विचारत होती, ऑपरेशनला किती दिवस झोपावं लागतं.

१० फेब्रुवारी
रूपालीने सगळ्यांना अंगणात बोलावलं. मान खाली. "जसोदाकाकूले बोलू नका. वाढनं ते मन्हं शे. पाच किलो. दवाखानाम्हा मोजं मी."
लग्नानंतर लगेच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं म्हणे — रक्त कमी, वजन कमी, पोटभर खा. पण ती जेवायची सगळ्यांच्या मागून. तोवर आमच्या टोपलीत भाकरी उरायची नाही. पंगतीची अट तिने स्वतःसाठी घातली होती. "मांगीसन खावानी लाज वाटनी," म्हणाली.
तिखट कानाचा म्हणून मिरवतो मी! माझ्याच स्वयंपाकघरातली रिकामी टोपली मला ऐकू आली नाही.
"म्हंजे आम्हनं उतरनं खरं!" जसोदाबाई ओरडली.
मंगला अंगणातल्या खाटेवरून उठली. सुनेचं मनगट हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं.
"आखो पाच किलो चढू दे वं माय. काटा जागावरच ऱ्हाऊ दे."