काळ्या गाडीची किल्ली टेबलावर आहे

बोरामच्या बाबा,

काळ्या गाडीची किल्ली टेबलावर आहे. आजच्या आज ती गाडी तुमच्या मित्राला परत करा. मी सकाळच्या बसने जोंगसनला गेले आहे.

मला रोज डोंगरातली अकरा घरं फिरून म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनं द्यायची असतात. त्यासाठीच जोंगसनच्या शिक्षिकाबाईंची ती छोटी पांढरी गाडी आपण दोघांनी बघून ठरवली होती. एकाच हाताने वापरलेली, दुरुस्तीचा कागद न् कागद जपलेली. घाटाच्या वळणावर ती इतकी अलगद वळली, की मी मोठ्याने हसले. तुम्हीही हसलात. मग एकटे आणायला गेलात आणि हे धूड घेऊन आलात. वर मलाच विचारता, "वर्गमित्रांच्या मेळाव्याला त्या डबीतून जाऊ?"

काल धूड चढावर बंद पडलं. फोन केला, तर म्हणालात, "एवढं काय? इंजिन गार होऊ दे." मी दोन तास थांबले. तिकडे ओकबुन आजी साखरेच्या इंजेक्शनाआधी जेवायचं नाही म्हणून उपाशी, थरथरत दाराशी बसलेल्या.

पांढरी गाडी अजून आहे, बाईंना विचारलं. ती मी माझ्या नावावर घेऊन येणार आहे. शेगडीवर सूप आहे, गरम करून घ्या.

आजी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "पोरी, तू जेवलीस का गं?" त्या चिडल्या असत्या, तर मी तुम्हाला कदाचित माफ केलं असतं.

हेरान