आवाज : अनोळखी म्हातारा

तंजावूर,
रविवार, १९ नोव्हेंबर १९९५

चि. मुरलीकृष्ण यास,

सांबशिवमामाचे आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला. लिहिलेले खोडायचे नाही असे वर्गात मीच सांगत असे, तेव्हा राहू दे.

इकडे सर्व क्षेम. आमच्या कविताच्या बँकेत कॉम्प्युटर आला आहे. तो चालतो तेव्हा सगळे त्याच्याभोवती उभे राहतात आणि बंद पडतो तेव्हा कामे होतात, असे ती म्हणते. शेजारच्या कृष्णस्वामीने रंगीत टीव्ही घेतला. केबलवाल्याने वायर आमच्या दारापुढच्या तिण्ण्यावरूनच, ओट्यावरूनच, ओढून नेली, विचारलेसुद्धा नाही. "सार, तुमच्या मिक्सरपेक्षा माझा डबा बरा," असे कृष्णस्वामी रोज सकाळी कॉफीच्या वेळी ऐकवतो. मिक्सर म्हणजे तू धाडलेल्या रेकॉर्डी. चार वर्षे झाली, त्याचा विनोद बदललेला नाही.

मागच्या महिन्यात त्रिचीला जाऊन प्लेयरला नवी सुई घातली. दुकानदार म्हणाला, "आता सीडी घ्या सार, रेकॉर्ड कोण ऐकतो?" मी म्हटले, मी ऐकतो. त्याने पिशवीतली रेकॉर्ड बघायला मागितली. कव्हर म्हणजे झेरॉक्स काढून हाताने घडी घातलेला कागद, वर बटाट्याचा ठसा. त्याने उलटसुलट करून परत दिली आणि म्हणाला, "हे घरी केलेय का?" होय म्हटले. खोटे कुठे होते? कुणाच्या तरी घरीच केलेले होते.

ते मला पहिल्यापासून आवडले, मुरली. मोठ्या कंपन्यांनी लाखांनी काढलेल्या रेकॉर्डींत मला गोडी वाटली नाही. तू 'वेट मॅचेस' बँडची ती पहिली छोटी रेकॉर्ड धाडलीस तेव्हाची गंमत आठवते? मी ती तेहतीसच्या संथ वेगावर लावली. आमच्या घरात सगळ्या रेकॉर्डी तेहतीसच्याच, खटका हलवायचा कशाला? एक भारदस्त, रेंगाळणारे शोकगीत ऐकू आले. मी आठवडाभर ते ऐकले आणि 'अमेरिकेतील ही मुले फार गंभीर प्रकृतीची दिसतात' असे तुला लिहिले. तुझे उत्तर आले, "मामा, पंचेचाळीसवर लाव!" लावली. पापणी लवायच्या आत गाणे संपले. तुझी मामी स्वयंपाकघरातून डाव घेऊन धावत आली. "ही पोरं उपाशी आहेत की काय? कुणीतरी दहीभात घाला रे यांना."

पण मला ऐकू आला तो माझा वर्ग. आठवीची मुले, दुपारचा तास, कविता पाठ म्हणायची. एक जण पुढे उभा राहून ओळ म्हणे आणि ध्रुवपद आले की चाळीस गळे एकदम. बेसूर, बेभान, पण एकाच आघातावर. एकही शब्द सांडत नसे. या मुलांचेही तसेच. एक जण घसा फोडून ओळ म्हणतो आणि ध्रुवपदाला सगळी टोळी तुटून पडते. 'स्नो शव्हल'चा ढोलवाला लयीच्या पुढे धावतो, जणू घंटा होण्याआधी कविता संपवायची आहे. 'बॉयलर रूम चिल्ड्रन'ची ती मुलगी दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते तो ऐकू येतो. तेवढ्या श्वासासाठी मी ती रेकॉर्ड पुन्हा लावतो. त्यांच्या गावाबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. ओळखावे असा त्यांचा हट्टही नाही.

आणि कागद! प्रत्येक रेकॉर्डीत शब्दांचा कागद. आम्ही ओरडतो तरी आमचा शब्द तुमच्यापर्यंत नीट पोचावा, ही केवढी सभ्यता. शेवटी नावे : गळा कुणाचा, ढोल कुणाचा, कुणाच्या आईने सँडविच करून दिली. मिस डोना स्वतःच्या स्वयंपाकघरातून या रेकॉर्डी काढते, हे तूच सांगितलेस. एका कागदात एक ओळ गळली आहे असे मी तिला लिहिले, तर उत्तर आले : इतके बारकाईने आजवर कुणी वाचले नव्हते. तेव्हापासून नवे काही निघाले की ती मला धाडते. हे तुला मी कळवले नव्हते बहुधा.

तिचे पार्सल मंगळवारी आले. त्याविषयीच लिहायचे होते. आता वीज गेली. उद्या.

सोमवार

काल वीज लगेच आली होती. लिहिले नाही.

आधी जरा मागचे लिहितो. 'वेट मॅचेस'चे ते गाणे, बाप रात्रपाळीहून येईपर्यंत आई ताट झाकून ठेवते ते, मामीला मी मराठीत करून दिले होते :

चूल विझवू नका, पाहुणा वाटेत आहे,
ताट झाकून ठेवा, अजून ऊब भातात आहे.

ऐकून ती म्हणाली, "हे तर मुरलीचंच गाणं की." तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलास. कॉलेजातून कधी वेळेवर परतला नाहीस आणि तुझे ताट झाकल्याशिवाय ती कधी जेवली नाही. मग मी ध्रुवपद म्हणे, आणि 'झाकून ठेवा'ला ती डावाने झाकणावर ठोका देई. असा आमचा बँड. जगात याहून अप्रसिद्ध बँड नसेल.

त्या वर्षीच्या पोंगलला तिने कॅसेटच्या एका बाजूवर तुझ्यासाठी बोलून ठेवले. आधी लाजली, मग थांबेचना. तिकडे भात मऊ शिजतो का, थंडीत कानाला काही बांधतोस का, तू लहानपणी झोपताना मागायचास ती अंगाई, सगळे. उरलेली बाजू मी भरायची होती. मी भरली ती तुझी मामी गेल्यावर. तेराव्यानंतर मला पत्र लिहवेना, म्हणून बोललो. तू येऊ शकला नव्हतास. म्हटले, निदान घर ऐकू येईल. ते गाणे म्हणायला घेतले आणि 'अजून ऊब भातात आहे'वर माझा गळा गेला. मोठ्याने रडलो. पस्तीस वर्षे मुलांना 'अडखळू नका' म्हणून सांगणारा मी. मग म्हणालो, "हे पुसून टाक, मुरली. कुणाला ऐकवू नकोस." आणि यंत्र बंद केले. कॅसेट तशीच धाडली, कारण उलट बाजूला ती होती. प्रत काढायला दुसरे यंत्र घरात नव्हते.

दोन महिन्यांनी तू लिहिलेस, "मामा, टेप पोचलीच नाही." मी पोस्टात किती खेपा घातल्या ते कविताला विचार. माझ्या रडण्याचे काही नाही, उलट सुटलो म्हटले. पण तिचा आवाज दुसरीकडे कुठे नव्हता. तो समुद्रात पडला असे मी मनाशी धरले आणि तिचे दुसऱ्यांदा सुतक पाळले.

आता मंगळवार. पार्सलमध्ये छोटी रेकॉर्ड आणि मिस डोनाची चिठ्ठी : "नवा बँड, तुम्हाला आवडेल. बास गिटार वाजवणारा तुमच्याच बाजूचा आहे." कागदावर तुझे नाव छापलेले. मी कृष्णस्वामीला हाक मारली, कविताला बसवले. म्हटले, ऐका, आमचा मुरली! तू बँडमध्ये आहेस हे मला कळवले नाहीस, याचे त्या क्षणी वाईटही वाटले नाही. भाच्याला मामाला चकित करायचे असेल म्हटले.

रेकॉर्ड लहान, म्हणून या वेळी सवयीने पंचेचाळीसवर लावली. दुसऱ्या गाण्याच्या तोंडाशी एक लहान मूल रडत मराठी बोलू लागले. आपले मराठी, मुरली, इथले, या गल्लीतले! कृष्णस्वामी हसला, "सार, अमेरिकेत तुमची मुलं कधी जन्मली?" मीही हसलो. ओहायोत तंजावरी मराठी बोलणारे कुणाचे लेकरू सापडले असेल, असे म्हणत होतो. कविता हसली नाही. ती उठली, खटका तेहतीसवर केला आणि सुई मागे ठेवली.

तो मी होतो.

चूल, ताट, भात, आणि गळा जातो ते सगळे. मग खालून ढोल सुरू होतो, आणि 'पुसून टाक' एवढेच कापून पुन्हा पुन्हा फिरवलेले. मग तुमची टोळी तुटून पडते. जे मला या संगीतात सर्वांत प्रिय, त्याच रीतीने, सगळे गळे एकदम : पुसुन ताक, पुसुन ताक. तुझ्या मित्रांना त्याचा अर्थ ठाऊक नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. त्या खोलीत अर्थ ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्याचाही गळा मी ओळखला. त्याचे उच्चार शुद्ध आहेत. मीच शिकवले.

कागदावर सगळ्या गाण्यांचे शब्द आहेत, माझ्या जागी नाहीत. तिथे फक्त : 'आवाज : अनोळखी म्हातारा. रद्दीत सापडलेली टेप.'

कृष्णस्वामी कॉफीचे पेले उचलून आत ठेवून आला. पहिल्यांदाच. कविता म्हणाली, "अप्पा, फोडून टाका ती." मी फोडली नाही. खरे सांगू? ताल पक्का आहे. दुसऱ्या कुणाचे रडणे असते तर मी तुला शाबासकीचे पत्र लिहिले असते आणि चार वेळा ऐकले असते. म्हणूनच जास्त लागले. तू विचारले असतेस तर नाही म्हणालो असतो. मग तू पुन्हा विचारले असतेस आणि कदाचित हो म्हणालो असतो. तुला कधी काय नाकारले आम्ही? तू त्याऐवजी टेप पोस्टात हरवलीस, मला रद्दीत सापडवलेस, आणि मी पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून परक्या माणसांशी भांडत होतो.

माफी मागू नकोस. तुझी इंग्रजी माफी माझ्याच्याने वाचवणार नाही, मराठी तुझ्याच्याने लिहवणार नाही. मला एकच सांग. पोचलीच नाही म्हणालास ती टेप तुझ्याजवळ आहे. तिची दुसरी, मामीची बाजू शाबूत आहे का? की तुमच्या तालमी भरायला तीही वापरली? तू ती ऐकलीस तरी का? ऐकली असतीस तर 'पोचलीच नाही' असे लिहवले नसते, असे मला वाटते. की ऐकूनच लिहवले?

असेल तर टेप धाड. माझी बाजू पुसली तरी चालेल, मी आधीच सांगितले होते. तिची नको. नसेल, तर तसे एका ओळीत लिही, आणि या खेपेला खरे लिही. मी रोज पोस्टमनची वाट बघायचे थांबवीन.

तुझ्या रेकॉर्डी भिंतीशी आहेत, नीट उभ्या ठेवल्या आहेत. 'वेट मॅचेस' अजून लावलेली नाही. भात होताना झाकणाचा आवाज आला की मी बाहेर तिण्ण्यावर जाऊन बसतो.

तुमच्या कागदात सुधारणा करून पाठवतो. दुसरी आवृत्ती निघाली तर छापा. न निघाली तर तुझ्याजवळ असू दे :

पहिली बाजू : सांबशिव, शाळामास्तर, तंजावूर.
दुसरी बाजू : हिराबाई. मुरलीचे ताट हिनेच झाकले.