सीमेचा दगड मी हलवला

लिहून ठेवणार सिबोटो फोन एशटाल, सरदार, लाउबरस्टाट नगराचा अकरा वर्षं नगराध्यक्ष, वय सदुसष्ट. पाय सुजले आहेत, चार पायऱ्यांवर दम लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या भरीला पडून करत नाही; उलट ते करू नये म्हणून दोघांनी माझी मनधरणी केली आहे. नगराचे लेखनिक वेन्त्सेल मी सांगतो तसं लिहीत आहेत. माझं बोलणं सुधारायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे.

पहिलं. बाजारातलं दगडी घर आणि एशटालची गढी माझा मुलगा डिटमार याला. शेजारी कुंट्स याच्याशी पन्हळीवरून माझं नऊ वर्षं भांडण आहे. पाणी त्याच्याच भिंतीत मुरतं; तो म्हणतो ते बरोबर आहे. डिटमारने पन्हळ वळवून घ्यावी आणि मी तसं सांगून गेलो, हेही त्याला सांगावं.

दुसरं. चिलखत आणि तलवार पुतण्याला. चिलखत त्याच्या पोटावर बसायचं नाही, पण लहानपणापासून मागतो आहे. माझी म्हातारी घोडी विकू नये. मरेपर्यंत तिला कुरणात चरू द्यावं.

तिसरं. नदीकाठचा द्राक्षमळा डिटमारला, पण एका अटीवर. पुढच्या कलमाविरुद्ध तो न्यायालयात गेला, तर मळा नगरातल्या रुग्णालयाचा होईल.

चौथं. एशटालच्या गढीसमोरचं ओकवन, ओढ्यापलीकडे वरच्या कड्यापर्यंतचं सगळं, मी बूखाउ गावाला परत देतो. देतो म्हणणंही चूक. ते त्यांचंच होतं.

हे कसं घडलं ते इथेच लिहून ठेवायचं आहे.

आम्ही दोघे भाऊ. थोरला एबरविन गढीचा वारस. मी धाकटा, माझ्या वाट्याला घोडा आणि तलवार. मी नगरात आलो, कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी युटा हिच्याशी लग्न केलं आणि नगराच्या सभेत बसू लागलो. त्या सुमारास नगराला सभागृह बांधायचं होतं आणि छपराला लांब तुळया कुठे मिळेनात. तसे ओक बूखाउच्या वनात होते. गावकरी तिथे शरद ऋतूत डुकरं चारायचे. ओकच्या बियांवर डुकरं पोसायची आणि त्यांवर गावाचा हिवाळा निघायचा. एबरविन म्हणाला, सीमेचा दगड ओढ्यावर आहे, तो आपण कड्यावर नेऊ, म्हणजे वन आपलं, तुळया तू नगराला दे, पुढचा नगराध्यक्ष तूच. आम्ही एक बैलजोडी घेतली आणि एका धुक्याच्या सकाळी ते काम केलं. दोन वर्षांनी एबरविन तापाने गेला आणि गढी माझ्याकडे आली.

त्याआधी, दगड हलवला त्याच वर्षी, गावाने फिर्याद केली होती. त्यांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला गेर्लाख, डुकरं राखणारा, वय बावीस. त्याने उजव्या हाताची दोन बोटं वर करून शपथ घेतली की दगड ओढ्यावर होता. मग गढीच्या बाजूने मी दोन बोटं वर केली आणि दगड कायम कड्यावरच होता अशी शपथ घेतली. सरदाराची शपथ जड ठरली. म्हणजे गेर्लाखची खोटी ठरली, आणि खोट्या शपथेची शिक्षा जी असते ती झाली. ज्या बोटांनी शपथ घेतली ती दोन बोटं बाजारात, माझ्या घरासमोरच्या ओट्यावर तोडली. सभासद म्हणून मला तिथे हजर राहावं लागलं. गेर्लाखने माझ्याकडे पाहिलं नाही. तो गर्दीतल्या आपल्या आईकडे, ओडाकडे, पाहत होता.

त्या वर्षी बूखाउच्या लोकांनी डुकरं विकली. पुढल्या वर्षी मी नगराध्यक्ष झालो. सभागृहाचं छप्पर आजही एक थेंब गळत नाही. नगराने हेही ऐकून ठेवावं.

युटाने मला एकदाच विचारलं. वाटाणे सोलत होती. म्हणाली, "अहो, दगड कुणी हलवला?" मी म्हणालो, न्यायालयात ठरलं ते ठरलं. त्यानंतर त्या वनात पोसलेल्या डुकराचं मांस तिने अठरा वर्षं, मरेपर्यंत, आपल्या ताटात घेतलं नाही. मी रोज समोर बसून जेवलो.

डिटमारला हे गेल्या महिन्यात सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या स्वर्गासाठी मला का नागवता?" त्याचा राग मला समजतो. मी त्याला वनासकट जी मालमत्ता दाखवत आलो, ती त्याने आपली मानली. पाद्री बेर्टोल्ड म्हणाले, कबुलीजबाबात सांगितलंत, क्षमा मिळाली, आता चारचौघांत कशाला? पण देवाची बोटं मी तोडली नव्हती.

पाचवं. इथे मी आधी असं लिहायला सांगितलं होतं की हे पत्र माझ्या मरणानंतर, मला पुरण्याआधी, बाजारात वाचावं. काल गेर्लाखला निरोप धाडून बोलावलं. तो आता वेशीबाहेर लोकांची बदकं राखतो. खोटी शपथ घेणारा म्हणून त्याच्याशी कुणी करार केला नाही, ठरलेलं लग्न मोडलं. वेन्त्सेलनी त्याला सगळं वाचून दाखवलं. तो उभाच राहिला. मी बस म्हणालो, तरी बसला नाही.

मग म्हणाला, "मेल्यावर वाचणार, मालक? तेव्हा लोक काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू येणार नाही. मला सगळं ऐकू आलं होतं."

वन मिळेल, असं मी म्हणालो. तो म्हणाला, वन गावाला द्या, ते गावाचं. "माझ्या आईने मला विचारलं होतं, सरदार कशाला खोटी शपथ घेईल रे? ती तेच मनात घेऊन गेली. तिला काय द्याल?"

म्हणून पाचवं कलम खोडून असं लिहिलं आहे: येत्या शनिवारी, भर बाजारात, त्याच ओट्यावर मला खुर्चीवर बसवून हे पत्र वाचावं. मी विनवलं तरी खुर्ची हलवू नये. मी भित्रा माणूस आहे, विनवीन.

सहावं. त्यात हे वाक्य मोठ्याने वाचावं: बूखाउच्या ओडाचा मुलगा गेर्लाख खरं बोलला होता, आणि सिबोटो फोन एशटाल खोटं बोलला.

गेर्लाखने या पत्राला साक्षीदार व्हावं अशी माझी इच्छा होती. तो नको म्हणाला.

साक्षीदार: बेर्टोल्ड, पाद्री. कुंट्स, कातडी कमावणारा, शेजारी.
मोहोर व सही: सिबोटो फोन एशटाल.
लाउबरस्टाट, संत गालसच्या सणानंतरचा दुसरा दिवस, सन १३८७.

लेखनिकाची नोंद. शनिवारी वाचन केलं. डिटमार आला नाही. चौथं कलम वाचताना लोकांनी शिव्या दिल्या, एक जण सरदारांच्या अंगावर थुंकला. ते दोनदा मला म्हणाले, घरी न्या. लेखी हुकुमाप्रमाणे नेलं नाही. गेर्लाख मागे उभा होता. सहावं कलम वाचून झाल्यावर तो पुढे आला आणि म्हणाला, ते आईच्या नावाचं पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.